पाय आधी धुऊन ठेव

माझ्या बाची टाच मांडीवर घेऊन मी काथ्यानं घासत होतो. अल्बर्ट नाकाला रुमाल लावून माझ्या डोक्याशी उभा होता. "अजून काळं दिसतंय," तो इंग्रजीत म्हणाला. "परत घास."

परत घासलं. बादलीत फिनेल होतं. बारामतीच्या मिशनचं आवार, स्वैपाकघराची मागची बाजू, खरकटं फेकायची जागा. तिथं आमची बारा माणसं ओळीनं उकिडवी बसवलेली. पुढं मांडवात सतरंजी, खुर्च्या, पितळेचं घंगाळ, पांढरेशुभ्र टॉवेल. मागं आम्ही आणि फिनेल.

काय चाललं होतं ते सांगतो. तो पवित्र गुरुवार. येशूनं मरणाच्या आदल्या दिवशी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी पाद्री बारा गरिबांचे पाय धुतो, पुसतो आणि पायाला ओठ लावतो. मुंबईला आमच्या कॉलेजात हे दर वर्षी व्हायचं. त्या वर्षी कॉलेजचा इतिहास छापायचं निघालं होतं. जाडजूड पुस्तक. जिन्यात तसबिरी लावलेले जुने रेक्टर, घड्याळाचा मनोरा, हॉकीची टीम, आणि शेवटी गरिबांची सेवा. त्या शेवटच्या पानाला फोटो पाहिजे होता. म्हणून फादर रेक्टर, पाच-सहा विद्यार्थी आणि एक फोटोवाला दौंडवरनं छोट्या गाडीनं बारामतीला उतरले. बारामतीच का? तर कॉलेजात फुकट शिकणारा गरीब ह्याच भागातला. म्हणजे मी.

आमचं गाव निरवांगी. महारवाड्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी पाळण्यात होतो. देव बदलला, वाड्याचं नाव तेच राहिलं. मिशनच्या शाळेत पहिला आलो म्हणून मला मुंबईला नेलं. खोली, जेवण, फी, सगळं माफ. बी.ए.ला दोन वर्षं उरली होती, आणि ही माफी फादर रेक्टरच्या एका सहीवर टांगलेली होती. हे मला ठाऊक होतं. बाला ठाऊक होतं. अल्बर्टला तर आमच्याहून जास्त ठाऊक होतं.

हा अल्बर्ट माझ्याच वर्गातला. कधी काळी बाटलेल्या पूर्वजाची जात तो जेवणाच्या टेबलावर मिरवायचा. "आम्ही मूळचे ब्राह्मण." अरे मग बाटलास कशाला! प्रार्थनेला शेजारी गुडघे टेकून मला बंधू म्हणायचा, आणि मी जगमधून पाणी ओतून घेतलं की स्वतःसाठी दुसरा जग मागवायचा. शिसारी यायची. गिळायचो. बी.ए. व्हायचं होतं ना.

त्या दुपारी त्यानंच निरोप आणला. "फादर म्हणतात, तुझ्या माणसांचे पाय आधी धुऊन ठेव. त्यांना ओठ लावायचेत."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. लाज वाटली. ती पण फादरची नाही, आमच्याच माणसांच्या पायांची. आदल्या दिवशी निरवांगीहून निघून अनवाणी चालत आली होती ती माणसं. का, तर आपल्या पोराच्या कॉलेजचा मोठा साहेब येणार. आणि मी मुकाट बादली उचलली. आज हे सांगताना माझी मलाच किळस येते. थू!

अकरा जणांचे धुतले. बा शेवटचा. बाच्या टाचांना भेगा, त्यात काळी माती. सगळा जन्म दुसऱ्याच्या उसाला पाण्याची दारं धरण्यात गेला, ती माती दहा मिनिटांत कशी निघावी? बा मात्र हसत होता. "घास रं लेका, लाजू नगं. सायेब बगत्यात."

मी जोर लावला. आणि भेग उलली. रक्त आलं.

"रक्त नको!" अल्बर्ट दोन पावलं मागं सरला. "फादरच्या तोंडाला लागेल. ह्याला काढ, दुसरा बघ." हे त्यानं मराठीत म्हटलं. बाला कळावं म्हणून.

बा घाबराघुबरा झाला. "काडू नगा सायेब, आत्ता थांबतंय." आणि रानात करायचा तसंच केलं त्यानं. बाजूची चिमूटभर माती उचलली आणि भेगेत दाबली.

"शी! डुक्कर!"

माझ्या बापाला म्हणाला. माझ्या देखत. बानं ते ऐकलं, आणि तरी हसला. तेवढ्या हसण्यासरशी माझ्या आत काहीतरी तटकन तुटलं. मी काथ्या फेकला.

एवढ्यात फादर रेक्टर झगा सावरत आले. पायांकडे बघितलंच नाही त्यांनी, उन्हाकडे बघितलं. फोटोला उजेड पाहिजे होता. "झाली का तयारी?"

मी उभा राहिलो. फादरशी पहिल्यांदाच मराठीत बोललो, आणि आमच्या मराठीत. "पाय धुऊन झालं, फादर. तुमी धुवायचं आता काय बी न्हाय राह्यलं."

ते हसले. "ती नुसती तयारी. खरं धुणं आता मांडवात."

"खरं धुणं हितं झालं. फिनेलनं, खरकट्यात. फोटू काडायचा तर ह्याचा काडा. ऊठ बा."

बा उठला तो माझ्यावरच. कानाखाली अशी बसली की डोळ्यांपुढं अंधारी आली. "मुडद्या, आमच्या पायांचं काय घिऊन बसलास? तुजं शिकनं जाईल की रं!" बा रडत होता.

"जाऊ दे," मी म्हणालो.

फाटकाबाहेर माझ्यामागं त्या बारांतला एकटा माझा चुलता आला. बाकीचे मांडवात गेले. बा पण गेला. त्याला बसवलं नाही. त्याच्या आणि चुलत्याच्या जागी मिशनच्या दोन माळ्यांना बसवलं आणि फोटो काढला.

पंधरा दिवसांनी निरवांगीला कॉलेजचं पत्र आलं. लेखी माफी मागा, झालं गेलं विसरू. बा इंदापूरच्या बाजारात जाऊन दौत, टाक आणि कागद घेऊन आला. माझ्या पुढ्यात मांडलं. "लिव. दोन वळींचं तर काम हाय. माज्यासाटी लिव."

मी लिहिलं. मग बाला वाचून दाखवलं. "माफी मागावी असं त्या दिवशी मी एकच केलं. तुमच्या फोटोसाठी माझ्या बापाची टाच रक्त येईस्तोवर घासली. ती माफी मी बापाची मागतो. तुमची मागणार नाही."

बानं तोंड फिरवलं. महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी चालत इंदापूरला गेलो आणि पत्र टपालात टाकलं.

बी.ए. गेलं. गेलं तर गेलं. पण त्या दिवसापासून कुणापुढं उभं करायचं म्हणून माझ्या माणसाला मी घासूनपुसून ठेवलं नाही, ठेवणार नाही. आमच्या पायाला माती हाय. ज्याला ओठ लावायचं हाय त्यानं मातीसकट लावावं, न्हायतर पायापासनं लांब व्हावं.