हात मांडीवर

आमच्याकडे चार माणसं जमून गप्पांना रंग चढला की कोणीतरी हमखास म्हणतं, "तुझ्या त्या शाळेतलं सांग काहीतरी." लोकांना वाटतं, ऐकू न येणारी पोरं म्हणजे सगळं शांत शांत असणार. अहो, त्यांच्याइतकी बडबडी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत! किस्से इतके साचलेत की एक काढावा तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. अडचण एवढीच की बहुतेकांत फजिती माझीच आहे. सांगताना हसते, पण कान अजून गरम होतात.

काम काय होतं ते आधी सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पालघरला बहिऱ्या मुलांची शाळा होती, पण सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर साध्या हायस्कुलात. तिथे आठवीत दोघं आली. एक पालघरजवळच्याच माहीमची सुगंधा, मच्छीमाराची पोर, आणि दुसरा मासवणचा बबन. मास्तर शिकवतात ते या दोघांना हाताच्या खुणांनी सांगायला कोणीतरी हवं होतं. माझ्या मोठ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ती भाषा मी घरातच शिकले होते. तेवढ्यावर मला नोकरी लागली. माझ्या पदाला काय म्हणायचं हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. क्लार्कने 'मदतनीस' लिहून टाकलं आणि शिपाई मला घंटा द्यायला सांगू लागला.

*

इतिहासाचे सर विनोदी होते. फळ्याकडे तोंड करून विनोद सांगायचे. वर्ग हसायचा. मी तो विनोद हातांनी सांगून पुरा करेपर्यंत वर्ग गप्प झालेला असायचा आणि सर पानिपतावर पोचलेले असायचे. नेमकी तेव्हा ही दोघं खो खो हसायची.

एक दिवस सर भडकले. "तिकडे माणसं कापली जातायत आणि तुम्हाला हसू येतंय?" दोघांना बाकावर उभं केलं. सर, तो विनोद तुमचाच होता, एवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही. बाकावरून सुगंधाने विचारलं, 'आम्ही काय केलं?'

मी खुणेने म्हटलं, 'सरांचं डोकं दुखतंय.'

*

एकदा विज्ञान प्रदर्शनाला दोघांना घेऊन एसटीने बोईसरला निघाले. आमचे हातवारे चालू होते. समोरच्या बाकावर मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "ती मोठी पन मुकीच हाय गो. कशी एकटी फिरते पोरांना घेऊन."

दुसरी म्हणाली, "ता जाऊ दे. लुगरा बग तिचा. खिडकीचा परदा गुंडाललाय का काय!"

आता तोंड उघडलं तर त्या दोघी ओशाळणार, आणि मीही. म्हणून मी मुकीच राहिले. कंडक्टर आला तर त्यालासुद्धा तीन बोटं दाखवली. त्याने बिचाऱ्याने "बोईसर का?" हे अगदी माझ्या तोंडाजवळ येऊन, ओठ फाकवून विचारलं. मी मान हलवली.

सुगंधाला सगळ्याच गोष्टींच्या चौकशा. 'त्या काय म्हणाल्या?'

'माझ्या साडीचं कौतुक करतायत.'

तिने त्या बायकांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे. नंतर बोईसर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली.

*

या पोरांची एक रीत होती. पालघरच्या शाळेतूनच ती घेऊन आलेली. कोणी खोटं बोललं की समोरच्याने त्याचे दोन्ही हात धरायचे आणि त्याच्याच मांडीवर दाबून ठेवायचे. म्हणजे तोंड बंद. कबूल झाला की ज्याने दाबले त्यानेच हात उचलून त्याच्या छातीसमोर आणून सोडायचे. आता खरं बोल.

बबनने एकदा सुगंधाच्या डब्यातला सुका बोंबील खाल्ला आणि साफ नाकारलं. तिने त्याचे हात मांडीवर दाबले. तेवढ्यात वर्गात हेडसर आले. दोघं समोरासमोर, डोळ्यांत डोळे, अगदी स्तब्ध.

"वा! ध्यान शिकवता वाटतं?"

"हो सर," मी म्हटलं.

पुढच्या सोमवारपासून सगळ्या शाळेला प्रार्थनेनंतर मांडीवर हात ठेवून बसायला लावलं. ते थेट सहामाहीपर्यंत चाललं.

*

गॅदरिंगला तारापूरच्या एमआयडीसीतले एक कारखानदार पाहुणे म्हणून आले. त्यांनी आमच्या या दोन पोरांकडे हात करून जे सुरू केलं ते थांबेचना. ही बिचारी लेकरं, मागच्या जन्मीचं पाप, आईबापांच्या गळ्यात धोंडा. मी हे कुठल्या हातांनी सांगू? मी सांगितलं, 'ते म्हणतात, अभ्यास करा.' पाहुणे बोलतच होते. 'व्यायाम करा.' तरी बोलतायत. माझ्याकडचे उपदेश संपले. शेवटी मी सांगितलं, 'कार्यक्रम झाल्यावर पुरी, बटाट्याची भाजी आणि जिलबी आहे.'

जिलबी म्हटल्यावर बबनने कडकडून टाळ्या वाजवल्या. नेमका तिथेच पाहुण्यांचा गळा दाटून आला होता. त्यांनी रुमाल काढला. सगळा मांडव हळहळला.

नंतर चहा आणि बिस्किटं मिळाली. बबन माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्या हातांकडे हात पुढे केले. सुगंधाने त्याला मागे ओढलं. बाईंचे हात धरायचे नसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

सुगंधाला मास्तरीण व्हायचं होतं, तिच्याच जुन्या शाळेत, लहान पोरांना शिकवायला. त्यासाठी दहावी पास व्हायला हवं होतं. बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा हेडसरांनी तिच्या आईला बोलावलं. आई मासळीची टोपली पायरीवर ठेवून आत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. मी आणि सुगंधा समोरासमोर बसलो.

सर म्हणाले, "आपल्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. ही बसली की तो पडला. मी हिचा फॉर्म पाठवणार नाही. मुकीला मॅट्रिक करून काय कलेक्टर करायचंय? बाजारात बसवा."

"सर, पोरीची लय विच्छा हाय वो," आई म्हणाली.

"ते बाई समजावतील. बाई, सांगा तिला. जरा गोड करून."

सुगंधा माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, 'सर म्हणतात, तुझी तब्येत नाजूक आहे. यंदा विश्रांती घे. पुढच्या वर्षी बघू.'

रोज पहाटे बंदरावरून टोपल्या वाहून मग शाळेत येणारी ती पोर. तिने सरांकडे पाहिलं. खाली बघत पदर चाळवणाऱ्या आईकडे पाहिलं. मग पुढे वाकून तिने माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या मांडीवर दाबून ठेवले.

तिचे हात ओले होते आणि गार होते. माझी मान वर होईना.

"काय झाला, बाय?" आईने विचारलं. "काय बोलते पोर?"

"वा," सर म्हणाले, "ध्यान."

शेवटी कबूल म्हणून मी मान हलवली. तेव्हा सुगंधाने माझे हात उचलले, माझ्या छातीसमोर आणले आणि सोडून दिले.

"सर," मी म्हटलं, "मघाशी बोललात ते परत बोला. पहिल्यापासून. आणि तिच्याकडे बघून बोला."