मॉसन लेक्सचा भरलेला वर्ग

ऑस्ट्रेलियात कोविडमुळे बंद झालेली दोन राज्यांमधली हद्द पुन्हा उघडली तशी मी मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकहून ॲडलेडच्या दिशेने गाडी काढली. तिथल्या मॉसन लेक्सच्या विद्यापीठात मी शिकलो. माझी वर्गमैत्रीण केतकी आता त्याच युनीच्या (विद्यापीठाच्या) जाहिरात विभागात आहे. तिला भेटायचं होतंच, पण खरं काम साताऱ्याहून आलं होतं. भाची रेवाला जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात जागा मिळाली होती, फी नावालाच. मेहुण्यांना ते पटेना. "फुकट शिकवतात, त्याला काय किंमत असणार?" जिल्हा परिषदेच्या शाळेत फुकट शिकून इंजिनिअर झालेला माणूस हे म्हणत होता. माझ्या विद्यापीठासाठी कर्ज काढायची मात्र त्यांची तयारी होती. बहीण मीनल म्हणाली, "दादा, एकदा बघून ये. कॉलेज खरंच सुरू असेल तर तिथली फी भरू, नाहीतर जर्मनी."

बॅलरॅटच्या पुढे दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि मधे मी एकटाच. हॉर्शमच्या बेकरीतला मीट पाय (खिम्याची गरम पेस्ट्री) निम्मा पोटात आणि निम्मा शर्टावर गेला. हद्दीवरच्या पोलिसाने माझा परवाना बघितला आणि विचारलं, "युनीला? तिथे आता आहे कोण, मेट (मित्रा)?"

कॅम्पसवर हिरवळ नीट कापलेली होती, कारंजी चालू होती. काचेचं दार आपोआप उघडलं, मी आत गेलो, तरी ते बराच वेळ उघडझाप करत राहिलं. केतकी आतच उभी होती. आम्ही चालू तसे पुढचे दिवे लागत आणि मागचे विझत. माझ्या वेळी इथे तेलुगू, पंजाबी आणि मराठीचा एवढा कालवा असायचा की लायब्रेरियन कपाळाला हात लावायची. आता माझ्याच बुटांचा आवाज नकोसा झाला.

"लोकल मुलांवर हे चालत नाही रे," केतकी म्हणाली. "बाहेरून आलेल्यांच्या फीवर चालतं. देशाची बॉर्डर अजून बंद, नव्या मुलांचा इंटेक गेला. आज आर्वोला (दुपारनंतर) जाहिरातीचं शूट आहे. ते नीट झालं नाही तर माझीही पोस्ट जाईल. एक माणूस कमी आहे. बसशील?"

"माझं वय काय, केतकी."

"मास्क लाव, एकोणीसचा दिसशील."

मला हसू आलं आणि मी बसलो. वर्गात भाड्याने आणलेली माणसं होती. कोणी घरं विकणारं, कोणी योगा शिकवणारं. फळ्यावर वर्षभरापूर्वीच्या अर्थशास्त्राच्या तासाचं लिखाण तसंच होतं. शिक्षणाचा खर्च कोण उचलतं? खाली तीन रकाने: सरकार, कुटुंब, मालक. फोटोग्राफर म्हणाला, "पुसू नका, खरं वाटतं."

मग त्याने सगळ्यांना हात वर करायला सांगितलं. प्रश्न कोणीच विचारला नव्हता. हालचाल थांबल्यामुळे दिवे आपोआप विझले. पडदे ओढलेले, त्यामुळे मिट्ट काळोख. त्या काळोखात आमचे हात वरच राहिले, कोणी खाली घेईना, कोणी बोलेना. मला भीती वाटली. फोटोग्राफर लेन्स बदलायला वळला आणि दिवे लागले. मग जॅकेटं बदलून तीच माणसं लायब्ररीत गेली, नंतर कँटीनमध्ये.

रात्री केतकीच्या घरी पिठलं-भात जेवलो. रेवाने इथे यायचं नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं. मीनलला मेसेज टाकला, "घरी पोचून सविस्तर बोलतो." परतीच्या वाटेवर मी कुठे फारसा थांबलो नाही.

घरात पाऊल टाकतोय तोच मीनलचा फोन.

"दादा, बरं झालं तू गेलास. युनीच्या पेजवर फोटो आला. मास्क होता तरी डोळ्यांवरून ओळखलं मी तुला. वर्ग भरलेला बघून हे लगेच बँकेत गेले. फी भरली. जर्मनीला नकार कळवून टाकला."

मी तिला सगळं सांगितलं. वर्ग नव्हता, तास नव्हता, मुलं नव्हती. कुठे सरकार शिकवतं, कुठे बाप कर्ज काढून शिकवतो, यावर मी एरवी तासभर बोललो असतो. पण त्या दुपारी तिथे विकायला शिक्षण नव्हतंच. विकायला होता तो मीनलचा माझ्यावरचा विश्वास, आणि तो मी हसत हसत देऊन आलो होतो.

मागे रेवा कोणाला तरी आनंदाने बातमी सांगत होती.

"मग दादा," मीनल हळूच म्हणाली, "तू तिथे हात वर करून कशाला बसला होतास?"