नानांचा कान

आमच्या जुन्या गाडीचं इंजिन चार दिवस खडखडत होतं, म्हणून मी वडिलांना घेऊन सलीमच्या गॅरेजमध्ये गेले. नाना तिथेच तीस वर्षं मेकॅनिक होते. नुसत्या आवाजावरून ते बिघाड सांगायचे. सलीम त्यांच्याच हाताखाली शिकला. आता त्याचेही केस पिकलेत.

त्याने बॉनेट उघडून लांब स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "उस्ताद, तुम्हीच सांगा कुठून येतोय ते."

नानांनी टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. खडखड इतकी होती की रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघत होता.

"कसलाच आवाज नाही," नाना म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे."

सलीमने माझ्याकडे पाहिलं. घरी नाना हाकेला ओ देईनासे झाले, तेव्हा आम्ही त्यांना हट्टी ठरवलं होतं. पुढे हाका मारणंच सोडून दिलं. माणूस असा डोळ्यांदेखत दूर जातो आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो.

नानांनी डोळे उघडले. आमचे चेहरे पाहिले, मग त्या चहावाल्याचा.

"मोठा आहे का रे आवाज?"

"हो, उस्ताद," सलीम म्हणाला.

नाना त्याच्या ओठांकडे बघत अजून उत्तराची वाट पाहत होते.