उघडना का, दिलीप?

नाना गेल्याचा फोन आला आणि दुःखाच्याही आधी मला त्यांचा न उघडलेला मेल आठवला. लिहायला लाज वाटते, पण झालं तसंच…

आमची तळोद्याची छोटी आरोग्यसंस्था. डोंगरातल्या गावांमधल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांच्या याद्या आम्ही बाहेरच्या डॉक्टरांना मेलने पाठवायचो. एकदा यादीतलं एक नाव फुटलं आणि एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून आमचे संगणक सांभाळणारे, ब्राह्मणपुरीचे नाना हट्टाला पेटले. प्रत्येक मेल कुलूपबंद जाणार, ज्याच्या किल्लीसाठी, म्हणजे त्याच्या संगणकातल्या गुप्त फाइलसाठी, बंद केला त्यालाच उघडणार, आणि त्यावर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असणार. खरा खटाटोप पुढेच होता. माझ्या मोबाइलवर तो मेल कोरा दिसे, ऑफिसच्या संगणकावर नुसती एक अगम्य फाइल, आणि डॉक्टरांकडे सहीवर लाल खूण. आठवडाभर डोकं खाजवून नानांनी शोधलं, की आपलाच सर्व्हर प्रत्येक मेलखाली संस्थेचा पत्ता चिकटवतो, म्हणून सही मोडते. मी वैतागून म्हणालो, "नाना, साधा पाठवा ना!" ते हसले. "तुले कोरा दिसस ना? थांब, मी दखस." मग कुठल्या प्रोग्रामात काय करायचं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि चाचणीचे मेल धाडत राहिले. विषय ठरलेला: "उघडना का, दिलीप?" म्हणजे, उघडला का?

पुढे माझा संगणक फॉरमॅट झाला आणि किल्ली त्यातच गेली. तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेव, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. बोलणी बसतील म्हणून मी सांगितलंच नाही. आजारपणात घरी बसूनही ते त्याच जुन्या किल्लीसाठी मेल बंद करून पाठवत, आणि मी फोनवर "उघडला, नाना" म्हणत असे. शेवटच्या मेललाही तेच म्हणालो. वर "पूर्ण वाचला" असंही. ते म्हणाले, "मंग मन्हं काम व्हयनं."

नाना गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेलो तर त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "दिलीपनी वाचं, आते काळजी नही, आसं सांगेत. त्या दिवसथून निवांत व्हतात." कशाची काळजी, हे विचारायला मला तोंडच नव्हतं.

परवा त्यांचा कागद समोर ठेवून सगळं पुन्हा बसवलं. त्यांच्या जुन्या, कुलूप न लावता नुसत्या सही केलेल्या मेलांवर सही शाबूत असल्याची हिरवी खूण उमटली. शेवटचा बंदच आहे, आणि बंदच राहणार. विषय तेवढा कुलपाबाहेर असतो, तो वाचता येतो. "उघडना का, दिलीप?" मी खाली लिहिलं, "नाही, नाना." पहिल्यांदा खरं लिहिलं, आणि पाठवायला कुणी नव्हतं.