तिसऱ्या भागातले ठोके

मी शाळेत फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली तर मी त्याला फळ्यापाशी उभं करून ध्वनीचं प्रकरण समजावून सांगायला लावते. त्यामुळे न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात माझं लिखाण पाहून माझे विद्यार्थी हसणार, हे धरूनच लिहायला बसले आहे... आमच्या घरातही या गोष्टींना कधी जागा नव्हती. बाबांनी हॉलच्या भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. अंगारा, उतारा, पितर यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. म्हणून जे झालं ते जसं झालं तसं सांगते.

आम्ही भिलाईला सेक्टर सहामध्ये राहतो. बाबा तरुणपणी भंडारा जिल्ह्यातून इथे आले, स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलला फिटर म्हणून लागले, आणि रिटायर झाल्यावर तेच क्वार्टर लीजवर घेऊन राहिले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. माझ्या प्रत्येक परीक्षेच्या फीमागे बाबांची एकेक जादा शिफ्ट होती, हे मी विसरले नाही, विसरणारही नाही.

प्लांटचं विस्ताराचं काम चालू होतं तेव्हा रशियन लोक इथे राहायला होते. त्यांच्यातला कोल्या नावाचा एक फिटर बाबांचा जोडीदार. बाबांना रशियन येईना, त्याला हिंदी-मराठी येईना, तरी दोघांनी बरीच वर्षं एकत्र काम केलं. परत जाताना कोल्या बाबांसाठी एक रेकॉर्ड ठेवून गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेली, एका रशियन संगीतकाराची सिंफनी... पन्नास-साठ वादक एकत्र वाजवतात ती. नाव मुद्दाम देत नाही, कारण दिलं की वाचणारे आपापली कॉपी लावून बसतील आणि मला काहीबाही ऐकू आल्याचं कळवतील.

तेव्हा घरात प्लेअर नव्हता. पुढे सिविक सेंटरच्या एका दुकानातून बाबांनी जुना प्लेअर आणला आणि ती रेकॉर्ड आमच्याकडे दर रविवारी दुपारी वाजू लागली. शेजारच्या घरात सिनेमाची गाणी, आमच्याकडे ही सिंफनी. आई म्हणायची, "लग्न माह्याशी केलं, रविवार रशियाले देल्ला."

गेल्या वर्षी बाबांचा डावा कान पूर्ण गेला. उजवाही जात चालला होता. डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर ठेवून स्पष्ट सांगितलं की वरच्या पट्टीतले आवाज केव्हाच गेलेत, खालचे उरलेत, तेही फार तर काही महिने. कानाचं मशीन लावलं तर थोडंफार बोलणं कळेल, पण संगीत त्यातून पोहोचणार नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. घरी येताना स्कूटीवर मागून म्हणाले, "एक डाव ते पुरी ऐकाची होती, बेटा. आता अर्धीच ऐकू येते. व्हायोलिन तर गायबच झाले."

मी स्कूटी चालवतानाच ठरवून टाकलं. बाबांचा कान पूर्ण बंद व्हायच्या आत त्यांना ती सिंफनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायची. मिलच्या गोंगाटातल्या त्या जादा शिफ्टांनी माझं शिक्षण झालं आणि त्यांचा कान गेला, तर हे काम माझंच.

त्याच सिंफनीची आणखी दोन रेकॉर्डिंग मिळवली आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकू लागले. मी संगीत शिकलेली नाही, पण मोजमाप करायला शिकलेली आहे. कोल्याची रेकॉर्ड जुन्या सोव्हिएत ऑर्केस्ट्राची. त्यांचा वेग घाईचा, पितळी वाद्यं धारदार, ट्रम्पेटच्या लांब स्वरात एक थरथर. दुसरं युरोपातलं. तिथे सगळं सावकाश, मऊ, मोठ्या हॉलची घुमणारी हवा त्यात भरलेली. कानाला सुखद, पण बाबांच्या कानासाठी वाईट, कारण घुमण्यात कडा पुसल्या जातात. तिसरं अलीकडचं, माइक अगदी वाद्यांजवळ ठेवलेलं. ते जरा कोरडं वाटतं, पण चेलो आणि बासचा प्रत्येक स्वर सुटा लागतो. बाबांच्या आलेखाशी जुळत होतं ते हे तिसरं. तिसऱ्या भागात एकटं क्लॅरिनेट बराच वेळ गातं, तेही त्यात मध्यभागी, ठळक.

एका रविवारी दुपारी बाबांना प्लेअरजवळच्या खुर्चीत बसवलं आणि एकामागून एक तिन्हींचा तिसरा भाग लावायचं ठरवलं. युरोपातलं आधी लावलं, ते संपल्यावर बाबा म्हणाले, "झोप येते." मग अलीकडचं लावलं, त्याला मान डोलवली. "हे चांगलं हाय. क्लॅरिनेट येऊन राहिलं." मला एवढा आनंद झाला... शेवटी केवळ तुलनेसाठी कोल्याची रेकॉर्ड लावली. क्लॅरिनेट सुरू झालं तसे बाबा खुर्चीत सरळ झाले.

"कोण वाजवून राहिलं?"

"क्लॅरिनेट आहे बाबा."

"ते नाई. ठोका. लोखंडावर."

आणि मग मलाही ऐकू आला, इतक्या वर्षांच्या रविवारांत एकदाही न ऐकलेला. लांबून, पण स्वच्छ. टक्-टक्... टक्. क्लॅरिनेटच्या खालून आल्यासारखा. आई स्वयंपाकघरातून डोकावली, "कोण आलं गं गेटवर?" गेटवर कुणी नव्हतं.

सगळ्यात आधी मी रेकॉर्ड पाहिली. ओरखडा असता तर तवा फिरेल तसा दर फेऱ्याला आवाज आला असता, आणि दरवेळी त्याच जागी. हा कधी क्लॅरिनेटच्या सुरुवातीला येई, कधी पार पुढे, व्हायोलिनं भरात असताना. तिसऱ्या भागाच्या बाहेर कधीच नाही. मग त्या सिंफनीची छापील स्वरलिपी इंटरनेटवर शोधली. तिसऱ्या भागात लोखंडावर वाजवायचं कुठलंही वाद्य लिहिलेलं नाही. मोबाइलवर खोलीतला आवाज रेकॉर्ड केला तर त्यात संगीत होतं, पंख्याचा आवाज होता, ठोका नव्हता. पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला. ठोका येतच राहिला.

मला सगळ्यात जास्त छळलं ते आणखी एका गोष्टीने. लोखंडावरचा ठोका म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज, डॉक्टरांच्या आलेखानुसार बाबांसाठी मेलेला. खात्री करायला मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला. बाबा पेपर वाचत राहिले. जोरात वाजवला. पान उलटलं. आई म्हणाली, "आता काय डोक्यावर हाणतेस त्याइच्या?"

आणि हाच माणूस रेकॉर्डमधला ठोका माझ्या आधी ओळखत होता.

त्यातून दुसरी अडचण उभी राहिली. बाबांना आता माझं तिसरं रेकॉर्डिंग नकोच होतं. इकडे दिवस जात होते, उजवा कान खाली खाली चालला होता, आणि ते हट्टाने तीच जुनी रेकॉर्ड लावायला सांगत, जिच्यातलं निम्मं संगीत त्यांना ऐकू येत नव्हतं. तिसरा भाग आला की संगीत सोडून ठोक्याची वाट पाहत. मी चिडले. "बाबा, तुम्हाला सिंफनी ऐकायची होती ना? मग त्या आवाजाच्या मागे कावून लागले?"

बाबांनी सुई उचलून पुन्हा तिसऱ्या भागावर ठेवली. मला तरी वाटलं, ऐकू गेलं नसेल.

उत्तर साहूकाकांकडून मिळालं. साहूकाका बाबांच्याच मिलमधले, आता कुम्हारीला मुलाकडे राहतात. बाबांना भेटायला आले तेव्हा चहा देताना मी सहज म्हटलं, की रेकॉर्डमध्ये असा असा आवाज येतो, आणि टेबलावर बोटाने वाजवून दाखवला. टक्-टक्... टक्.

काकांनी बशी खाली ठेवली. "बिटिया, ये तुमको किसने सिखाया?"

"कुणी नाही."

"ये तो सेलर का ठोका है."

मग त्यांनी समजावलं. मशीनच्या खाली तेलाच्या पाइपांचं तळघर असतं, त्याला सेलर म्हणतात. जोडीतला एक खाली उतरायचा, दुसरा वर थांबायचा. आवाज इतका की ओरडून उपयोग नाही, म्हणून पाइपवर पान्याने ठोके. खालच्याने दोन आणि एक वाजवलं की माझं काम झालं, वर येऊ का? वरच्याने एक आणि दोन वाजवलं की ये, मी इथे आहे. वरून जबाब आल्याशिवाय खालच्याने जागेवरून हलायचं नाही. आणि जबाब आपल्या जोडीदाराचाच पाहिजे... दुसऱ्याचा चालत नाही, कारण मशीनपाशी कोण उभं आहे हे जोडीदारालाच माहीत.

"तेरे बाबा कान में वो रुई वाला डट्टा नहीं लगाते थे," काका म्हणाले. "सब लगाते थे. ये जेब में रखता था. बोलता था, डट्टा लगाऊँगा तो कोल्या का ठोका छूट जाएगा."

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांचा कान माझ्या फीसाठी गेला. तो त्याच्याही आधी दुसऱ्या कुणासाठी जायला लागला होता.

"और आखरी दिन," काकांनी पुढे सांगितलं, "ये गाँव गया था, बहन की शादी में. कोल्या को अचानक जाना पड़ा. जाने से पहले वो सेलर में उतरा, ऐसे ही, कोई काम नहीं था. नीचे से ठोका मारा. मैंने ऊपर से जवाब दिया. हँसते हुए आया, सिर हिलाया, तू नहीं. फिर ये रेकाट मेरे हाथ में दिया, कि इसको देना."

काका गेल्यावर मी बाबांसमोर बसले आणि त्यांना ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, "तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? आपल्या घरी असं काही नसते, हे मीच तुले शिकवलं." मग म्हणाले, "मले वाटलं, माह्या कानाचा दोष हाय. मंग तुया तोंडावर दिसलं का तुले बी ऐकू येऊन राहिलं."

"मग जबाब का नाही दिला?"

"जबाब देल्ला का तो चालला जाईन ना, पोरी."

 पण फार वेळ नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बाबांचा कान बंद झाला आणि जबाब द्यायचा राहून गेला, तर? मी फिजिक्सची शिक्षिका, असा विचार करायला नको... तरी केला. पाटीवर लिहून त्यांच्यापुढे धरलं, "जबाब आल्याशिवाय खालच्याने हलायचं नाही, हाच नियम ना, बाबा?"

त्यांनी वाचलं आणि होकाराची मान हलवली.

पुढच्या रविवारी दुपारी मी पहिल्या भागापासून रेकॉर्ड लावली. मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवला. बाबांनी कपाटाखालच्या पेटीतून आपला पाना काढून मांडीवर घेतला होता. आई कुकर लावून दाराशी येऊन उभी राहिली. दोन भाग झाले, बाजू पलटली. क्लॅरिनेट सुरू झालं. त्या जुन्या रेकॉर्डमध्ये वादक श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येतो, आणि त्याच श्वासाच्या मागोमाग ठोका आला. टक्-टक्... टक्.

बाबा उठले. खिडकीच्या लोखंडी जाळीवर त्यांनी पाना मारला. एक. थांबले. दोन. म्हाताऱ्या हाताचा ठोका नव्हता तो, जाळी झणझणली, हिरव्या रंगाचा पोपडा उडून खाली पडला. कुकरची शिट्टी झाली. आई म्हणाली, "अगं बाई, हळू..."

संगीत चालू राहिलं. ठोका पुन्हा आला नाही. बाबा खिडकीपाशी उभेच राहिले, शेवटचा भाग संपेपर्यंत, आणि मग म्हणाले, "व्हायोलिन बी आले आज. पुरे आले."

ते खरं की त्यांना तसं वाटलं, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते हसून म्हणाले, आठवणीतलं संगीत असेल. असेल.

मोबाइलमधलं रेकॉर्डिंग मी संध्याकाळी ऐकलं. त्यात सिंफनी आहे. कुकरची शिट्टी आहे. आईचं "अगं बाई, हळू" आहे. रेकॉर्डमधला ठोका नाही, ते अपेक्षितच होतं. पण बाबांचाही नाही. माझ्या डोळ्यांदेखत, मोबाइलपासून दोन हातांवर, लोखंडावर मारलेले ते ठोके त्यात नाहीत. जाळीवर रंग उडालेली जागा मात्र आहे, आणि बाबा तिथे रंग लावू देत नाहीत.

मी हे रेकॉर्डिंग माझ्याहून जास्त शिकलेल्या दोघांना ऐकवलं. एक म्हणाला, मोबाइल अचानक मोठा आवाज आपोआप दाबतो. दाबतो, पण मग त्याच क्षणाची शिट्टी कशी राहिली? दुसरा म्हणाला, तुम्ही तिघंही खूप ताणात होतात. तेही होतो. कोल्याचा शोध घ्यायचा प्रयत्न केला, पण त्याचं आडनाव बाबांना कधी नीट म्हणताच आलं नव्हतं. तो आहे की नाही, आम्हाला माहीत नाही. ती रेकॉर्ड त्यानंतर मी कितीतरी वेळा लावली आहे. तिसऱ्या भागात आता फक्त क्लॅरिनेट आहे. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि वर्गात शिकवते तसं शोधत राहणं मी सोडलेलंही नाही.

बाबांचा उजवा कान या उन्हाळ्यात पूर्ण गेला. पाठीमागून हाक मारली तर ते दचकतात, म्हणून आम्ही एक पद्धत पाडली आहे. सकाळी शाळेत निघताना मी त्यांच्या लोखंडी पलंगाच्या दांड्यावर किल्लीने वाजवते. दोन, थांबून एक. ते पाठीला जाणवतं त्यांना. मग ते डोळे न उघडता दांड्यावर बोटाने वाजवतात. एक, थांबून दोन.

तो जबाब आल्याशिवाय मी घरातून निघत नाही.