खळ्यावरचा नाताळ
भाताच्या ताज्या पेंढ्याचा वास आला की मला तो नाताळ आठवतो. तेव्हा आमची प्रार्थना भिवंडीत एका लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत व्हायची, आणि तीही शुक्रवारी, कारण त्या दिवशी लूम बंद असत. एरवी त्या खडखडाटात आमेनसुद्धा ऐकू आलं नसतं. नाताळाच्या तोंडावर मालकाला कापडाचे तागे ठेवायला खोली हवी झाली. ते कळताच वॉर्डाचे नगरसेवक आले. "एक फोन करतो, मालक गप बसेल. फक्त दारावर माझा बॅनर लावा." आम्ही सगळे आशेने पास्टरांकडे बघू लागलो. ते अंबाडी गावाकडचे शेतकरी. त्यांनी साहेबांना चहा दिला आणि म्हणाले, "मया हाय तुमची. पन दारावर तुमचं नाव लावून आत देवाचा भरवसा कसा शिकवू?" खोली गेलीच. घरी पोचेपर्यंत आई धुसफुसत होती. नाताळ मग पास्टरांच्या खळ्यावर झाला, पेंढ्यावर बसून, तांदळाच्या भाकरी आणि गावठी कोंबडीचा रस्सा खात. गाणी चालू असताना नगरसेवक एकटेच आले आणि मागे पेंढ्यातच बसले. पास्टरांनी विचारलं, "तुमच्यासाठी देवाकडं काय मागू, साहेब?" आम्हाला वाटलं, निवडणूक. ते हळूच म्हणाले, "झोप लागत न्हाय हो." आता चर्चमध्ये उपदेश चालू असताना माझा डोळा लागला की बायको कोपर मारते. मी मनात म्हणतो, राहू दे गं, ही झोप एका फोनवर मिळत नाही.