लाह्या घालायला भाऊ

बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या त्या चौल्ट्रीच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, दारात मी पोचलो, तेव्हा आत स्टेजवर नवरा-नवरी शेजारी शेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. मी जागच्या जागी थिजलो. छातीशी साळीच्या लाह्यांची पिशवी धरलेली. त्या लाह्या ज्या ओंजळीत घालायला मी गावाहून इतक्या लांब आलो होतो, ती ओंजळ पाहुण्यांच्या हातांतले गुच्छ घेत होती. लग्न लागून गेलं होतं. माझ्याशिवाय.

हे लग्न कुणाचं, ते सांगतो. आम्ही गलाईवाले, म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करणारे. आमच्या सांगलीकडच्या दुष्काळी गावांतली माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. माझी शाळा आठवीत सुटली आणि पुढं गावातल्याच एका शेठच्या मागं मी बेंगळुरूला आलो. नवरीच्या आईला मी अक्का म्हणतो. त्या आमच्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या आपल्या आईच्या जुन्या शालूची जर गाळायला. मी शेठशी बोलत होतो ते ऐकून म्हणाल्या, "अय्यो, मराठी की रे तुम्ही!" त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं की पहिल्या दिवशी मला निम्मंच कळलं. पण पुढं मला कावीळ झाली, तेव्हा भट्टीवरच्या माळ्यावरून उचलून त्यांनी मला आपल्या घरी नेलं. मऊ भात आणि ताक देऊन उभं केलं. त्यांची मुलगी इंदिरानगरला कंपनीत कामाला, चांगली शिकलेली, ती मला अण्णा, म्हणजे दादा, म्हणू लागली. एवढ्या मोठ्या शहरात मला कुणी अण्णा म्हणतं, हे मला कित्येक दिवस खरंच वाटत नव्हतं.

तिचं लग्न ठरलं तेव्हा अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "होमात मुलीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो. हिला सख्खा नाही. चुलत आहे तो अमेरिकेत, येईल असं दिसत नाही. तू घालशील की?"

मी हो म्हणून वाकून त्यांच्या पाया पडलो.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. जो भेटेल त्याला मी विचारायचो, की तिथं कसं वागायचं असतं? आमच्या लोकांची लग्नं सगळी उन्हाळ्यात गावाकडं होतात. इथलं एकही लग्न मी पाहिलं नव्हतं. शेठ म्हणाले, "स्टीलचं भांडं नेऊ नको. भाऊ म्हणून चाललायस, घरातलं काहीतरी ने." वहिनी, म्हणजे शेठच्या बायको, म्हणाल्या, "पांढरा शर्ट घालू नकोस. तिकडं तूप वाढताना हात सैल असतो." भट्टीवरचा जोडीदार म्हणाला, "पानावर भात पडला की लगेच तुटून पडू नकोस. आधी मीठ, मग कोशिंबिरी, मग भात येतो. शेजाऱ्याकडं बघ, तो जेवायला लागला की मग सुरुवात कर." सल्ला देणं कुणालाच जड गेलं नाही. पण जी एक गोष्ट सांगायला हवी होती, ती कुणीच सांगितली नाही. बहुतेक त्यांनाही ती ठाऊक नसावी.

घरातलं काय न्यायचं, ते आईनं ठरवलं. मी चार दिवस गावी गेलो होतो. "भाऊ म्हणून जातोस तर लाह्या आपल्या घरच्या पाहिजेत," ती म्हणाली. आमच्याकडं साळ पिकत नाही. तिनं शिराळ्याकडच्या मावशीकडून साळ मागवली, स्वतः चुलीशी बसून लाह्या फोडल्या, टरफलं निवडली आणि जुन्या धोतराच्या कापडाची पिशवी शिवून तीत भरल्या. पत्रिका छापून आली तेव्हा मी तिकडंच होतो, ती माझ्या हाती पडलीच नाही. अक्कांचा फोन आला, "सायंकाळी थेट चौल्ट्रीलाच ये, कळलं? उशीर करू नको." सायंकाळी म्हणजे गोरज मुहूर्त, हे मी मनाशी पक्कं केलं. आमच्याकडं दिवेलागणीला अक्षता पडतात, तसंच हे.

बसमध्ये क्लीनर पिशवी डिकीत टाका म्हणून मागं लागला. मी म्हटलं, "माणूस डिकीत टाक, पिशवी नाही." रात्रभर ती मांडीवर घेऊन बसलो. वाटेत बस बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत सकाळ गेली, दुपार गेली. बेंगळुरूत शिरल्यावर तर गाड्या मुंगीच्या पावलानं. खिडकीतून सूर्य खाली जाताना बघत होतो. रिक्षावाल्याला सारखं म्हणत होतो, "लवकर, अण्णा, लवकर." तो म्हणायचा, "स्वल्प थांबा सार, उडून जाऊ का?"

आणि पोचलो तर हे.

मी नवरीकडं नीट पाहिलं आणि आणखीच चक्रावलो. केस मोकळे. मुंडावळ्या नाहीत. हातात हिरवा चुडा नाही, नुसतं एक नाजूक कडं. गळ्यात चकचकीत हार होता, पण मंगळसूत्र कितीही शोधलं तरी दिसेना. नवरा कोट-टायमध्ये. एका बाजूला कुणीतरी माईक घेऊन गाणी म्हणत होता. मनात आलं, शिकलेली माणसं लग्न लागल्या लागल्या सगळं काढून ठेवत असतील. घाई असेल. मग मला स्टेजजवळ एक उंच, गोरा तरुण दिसला. अंगावर सूट. पाहुण्यांची रांग तो लावत होता, फोटोवाल्याला हातानं खुणा करत होता, मधूनच नवरीच्या कानात काहीतरी सांगून तिला हसवत होता. अमेरिकेतला चुलतभाऊ. आला होता तर.

मग मी कशाला? रक्ताचा भाऊ समोर असताना भट्टीवरच्या माणसाची वाट कोण बघेल? अक्कांचा मला राग आला नाही, हे मी खरं सांगतो. उलट मला माझीच लाज वाटली, की आपण हे खरं मानून आईला सुद्धा चुलीशी बसवलं. तिला आता फोनवर काय सांगायचं?

परत फिरणार तोच दारातल्या बायकांनी अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, हातात खडीसाखर ठेवली आणि कुणीतरी दंडाला धरून म्हणालं, "जेवण झालं? नाही? मग आधी जेवा, या." इथं जेवल्याशिवाय कुणी कुणाला सोडत नाही. गर्दीच्या रेट्यानं मी जेवणघरात गेलो आणि केळीच्या पानासमोर बसलो. मागं खुर्चीला टेकून पुढच्या पंगतीचा माणूस आधीच उभा. त्याचा श्वास माझ्या मानेवर.

शेजारी एक पोक्त गृहस्थ होते. जेवणाचे दर्दी. मी काहीच खात नाही हे बघून कानडी-हिंदी मिसळून मला शिकवू लागले. "होळगीवर तूप घ्या. कोरडी खायची नसते. कोसंबरी आधी संपवा. नाही म्हणायचं असेल तर पानावर हात आडवा धरा, नुसतं नको म्हटलं तर तो वाढतोच." होळगी म्हणजे आपली पुरणपोळी.

"मी येलहंक्याहून आलो," ते म्हणाले. "मुलाकडचा. त्याच्या वडिलांचा शेजारी. तुम्ही? मुलीकडचे की मुलाकडचे?"

मांडीवरच्या पिशवीवर मी हात ठेवला. कालपर्यंत कुणी विचारलं असतं तर छाती काढून सांगितलं असतं.

"असाच," मी म्हणालो. "ओळखीचा."

त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं. बोलावणं नसताना जेवायला घुसलेला समजले असावेत. मी पान तसंच सोडून उठलो.

बाहेर पडायच्या वाटेवर टेबलामागं एक म्हातारी बसली होती; ती अक्कांची मावशी, हे मला नंतर कळलं. जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती एक पिशवी देत होती, त्यात नारळ, पान, सुपारी. इथला तो मान आहे, हे मला आज कळतं. पण आमच्या बोलण्यात हाती नारळ मिळणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. तो नारळ घेताना माझे डोळे भरून आले. म्हातारीनं मला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मी लाह्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

"हे अक्कांना द्या. गावाकडनं आणलंय."

तिनं नाडी सैल केली, आत हात घातला आणि मूठभर लाह्या दिव्याकडं धरून पाहिल्या. मग एकदम माझं मनगट पकडलं. म्हातारीच्या बोटांत जोर होता.

"अय्यो! तो गलाईवाला पोरगा तूच की काय? लाह्या माझ्याकडं ठेवून कुठं निघालास रे? उद्या पहाटे होमाला काय तुझा नारळ घालायचा तिच्या ओंजळीत?"

"उद्या?" मी म्हणालो.

"मग कधी? पुढच्या वर्षी?"

"लग्न झालं ना आत्ता?"

म्हातारीनं सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी अक्कांना हाक मारली. अक्का धावत आल्या, पदर खोचलेला, केसांतला गजरा एका बाजूला कललेला. म्हातारीनं हसत हसत सगळं सांगितलं. इकडं रिसेप्शन आदल्या सायंकाळी करतात, पाहुणे भेटून जेवून जातात, आणि लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी लागतं. कुणालाच यात नवल वाटत नाही. लग्नाआधीच नवरा-नवरीला शेजारी उभं करून फोटो काढतात, हे ऐकून मी आ वासून उभा राहिलो.

अक्का मात्र हसल्या नाहीत.

"म्हणजे तुला वाटलं, मी तुझ्याशिवाय लाह्या घालून घेतल्या?"

"अक्का, ते अमेरिकेहून आलेत ना..." मी स्टेजजवळच्या त्या सूटवाल्याकडं बोट दाखवलं.

"तो? तो रे, फोटोवाल्यांच्या कंपनीचा मॅनेजर! तो आमचा कोणी नाही." त्यांचा आवाज कापरा झाला. "अन् चुलत आला असता तरी काय? मी तुला शब्द दिला होता. एवढंच ओळखलंस मला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्कांनी डोळे पुसले, माझ्या हातातली नारळाची पिशवी काढून घेतली आणि टेबलावर परत ठेवली. "हे पाहुण्यांसाठी असतं. तू आज इथंच झोपायचं. सरी?"

"सरी, ठीक," मी म्हणालो.

पहाटे अंघोळ झाल्यावर अक्कांनी मला नेसायला जरीकाठी पंचा, म्हणजे इथलं धोतर, दिला. आज नवरीनं पिवळी साडी नेसली होती, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. मला पाहून म्हणाली, "अण्णा, काल मला न भेटता निघाला होता म्हणे? थांबा, नंतर बघते तुम्हाला." होमाजवळ भटजींनी खूण केली. मी आईच्या लाह्या ओंजळीत घातल्या. थोड्या विस्तवाआधीच जमिनीवर सांडल्या. फेरे झाले.

आता भावाचं एकच काम उरलं होतं, आणि ते मला लहानपणापासून माहीत होतं. मी पुढं झालो आणि नवऱ्याचा उजवा कान धरून चांगला पिळला.

सनईवाला वाजवायचा थांबला. नवऱ्याच्या आईच्या तोंडून "अय्यो!" निघालं. त्याचे दोन मित्र उठून उभे राहिले. भटजींनी पळी तशीच हवेत धरली. मी चारी बाजूंना पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की इथं कानपिळी कुणाला ठाऊकच नाही. भरल्या मांडवात मी जावयाचा कान धरून उभा होतो. अंगाला दरदरून घाम फुटला. कान सोडायचंही सुचेना.

"हे कशासाठी?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"बहिणीला नीट सांभाळा, म्हणून."

"सांभाळतो. आता सोडा की."

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून म्हातारी मावशी ओरडली, "सोडू नको रे! माझ्या लग्नात माझ्या दादानं असाच पिळला होता! आमच्या घरातनं हे कधी गेलं, कळलंच नाही." ती मोठ्यानं हसली, मग नवरी हसली, मग नवरासुद्धा, कान लाल झालेला. कुणीतरी त्याच्या आईला कानडीत समजावून सांगितलं आणि सनई पुन्हा सुरू झाली.

आता गावाकडून कुणी नवीन माणूस इथं आला आणि लग्नाला निघाला की मला विचारतो, काय न्यावं, कसं वागावं. मी काय ते सांगतो. पण आधी म्हणतो, बाबा, अक्षता कधी आहेत ते तोंडानं विचार, आणि काही दिसलं म्हणून लगेच परत फिरू नको.

त्या दिवशी दुपारी पंगतीत मला जागा मिळाली ती नेमकी येलहंक्याच्या त्या गृहस्थांच्या शेजारी. त्यांनी पानावर पाणी शिंपडता शिंपडता माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पंचाकडं.

"काल खोटं बोललात," ते म्हणाले. "मुलीकडचे आहात तुम्ही."

"हो," मी म्हणालो. "मुलीकडचा."

वाढपी होळगी घेऊन आला. मी पानावर हात आडवा धरला नाही.